बारा नंबरची पाळी

मौलालीचाचांना हळू बोलता येत नाही. पस्तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते, मागांच्या खडखडाटात दोन्ही कान अर्धे गेले. आपण कानात सांगतोय असं त्यांना वाटतं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जातं. बायकोला, अनवरीभाभीला, एकदा म्हणाले, "तानाबाईच्या चटणीत आज मीठ जास्त झालंय, तिला सांगू नकोस." तानाबाई मीच, माझ्या ओट्यावर बसून ऐकत होते. म्हटलं, "चाचा, न्हाय सांगत मी तिला."

तर असा हा माणूस गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी तासभर तोंडातून अक्षर न काढता उभा होता. त्या तासाबद्दल मला सांगायचंय. पण आधी चाळ सांगितली पाहिजे, नाहीतर कळायचं नाही.

मी दोन नंबरच्या खोलीत राहते. माहेर सांगोल्याकडचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते, विकते, त्यावर दोन पोरींची लग्नं केली. माझी जीभ चटणीइतकीच तिखट आहे असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे. बंद पडलेल्या मिलच्या उंच भिंतीला लागून आमची चाळ आहे. बारा खोल्या एका ओळीत, समोर लांबच्या लांब पडवी. एक नंबरला चाचा. नळ त्यांच्या दाराशी. तिथून पडवी थोडी चढत जाते ती पार टोकाला, बारा नंबरपर्यंत. बारा नंबरला कमलम्मा आणि तिची पोर वैजयंती. कमलम्मा विड्या वळते. नवरा कधीचा गेला. पोर मात्र हुशार निघाली, बी.एस्सी. कॉम्प्युटर झाली.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. किती वाजता येईल ते नळालाच माहीत. आलं की तीनेक तास. पूर्वी तेवढ्या वेळात आम्ही बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी ठेवायचो. खालची घरं घागरींवर घागरी भरायची आणि वर बारा नंबरला पाइपातून नुसती हवा फुसफुसायची. कमलम्मा कडेवर पोर, हातात घागर घेऊन खाली यायची आणि आमच्या पायाशी उभी राहायची. मी पण कधी तिला पुढं घेतलं नाही, खोटं कशाला बोलू.

चाचा कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी पाळी लावली. एकच लांब पाइप, धरणार चाचा. आधी सगळ्यांना सारखी मिनिटं दिली. पण चढावर पाण्याला जोर नसतो. खाली पाच मिनिटांत पिंप भरतं, वर तेवढ्या वेळात बूडसुद्धा नीट भिजत नाही. दोनच खेपांत हे चाचांच्या ध्यानात आलं. तेव्हा म्हणाले, "मिनिटं बंद. पिंपं मोजायची. दर घराला दोन. वर टाइम लागला तर लागू दे. बारा नंबरच्या बाईनं घागर घेऊन माझ्या दारात यायचं नाही. तिचं पाणी तिच्या दारात पोचलं पाहिजे."

तेव्हापासून पाळी बदलली की चाचा हातातल्या पान्यानं नळाच्या लोखंडी पाइपावर टण टण वाजवतात आणि ओरडतात, "चार नंबर! पाच नंबर!" एक दिवससुद्धा पाळी मोडली नाही त्यांनी. सख्खा मेहुणा पाहुणा आला होता, त्यालाही थांबवला. भाभी दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

मग आलं ते वायफाय. भिंतीमुळं आमच्या चाळीत मोबाईलला रेंज मिळत नाही. फोन करायचा तरी रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. निवडणुकीत उभ्या राहिलेल्या एकानं चाचांच्या दारावर वायफायचा डबा लावून दिला. तो पडला, डबा राहिला. पहिले चार दिवस नुसती दिवाळी. पाचव्या दिवसापासून कुणाचंच धड चालेना. जो तो फोन हातात धरून ते गोल फिरणारं चाक बघत बसलेला.

सात नंबरचा सोमेश मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्यानं दोन दिवस बघितलं आणि पडवीत सगळ्यांसमोर सांगितलं, "बारा नंबरचा फोन चालू झाला की सगळ्यांचं मंद होतंय. या डब्याला एकच तोंड हाय. एका वेळेला एकाशीच बोलतंय ते. बारा नंबर लांब, तिला नीट ऐकू जात न्हाय. म्हणून तिच्याशी एकेक शब्द सावकाश बोलायला लागतंय. तोवर आपण अकरा घरं उभी. तिला काढा, सगळं झ्याक चालंल."

कमलम्मा मांडीवर सूप घेऊन तिथंच बसली होती. तिनं मान वर केली नाही. विडी वळत राहिली.

चाचा म्हणाले, "मला पण ऐकू येत नाही सोमेश. माझ्याशी बोलायला पण टाइम लागतो. मग मला पण काढतो चाळीतून?"

दुसऱ्या दिवशी नळाशेजारी पाटी लागली. एका वेळी एकच घर, बाकीच्यांनी आपापलं बंद ठेवायचं. अकरा घरांना अर्धा अर्धा तास, बारा नंबरला पूर्ण तास, अकरा ते बारा. संध्याकाळनंतर सगळ्यांना मोकळं. सोमेश कुरकुरला, "तिला डबल कशाला?" चाचा म्हणाले, "पिंपं मोजायची रे. मिनिटं नाही." त्याला काय कळायचं ते कळलं. पण पाळी पाळली त्यानं, हे मी सांगीन. आम्ही सगळ्यांनीच पाळली. टण टण झालं की बारा घरांतली अकरा घरं मुकाट बंद करायची. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतात.

गेल्या वर्षी वैजयंतीला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. पत्र म्हणजे ते फोनवरचं. कॉम्प्युटरवरचं काम, पण आधी घरी बसून तासाभराचा पेपर. मैत्रिणीचा लॅपटॉप चार दिवसांसाठी मागून आणला. पेपरचे नियम मला पोरीनं सांगितले तेव्हा मी कपाळाला हात लावला. खोलीत एकटीनं बसायचं. दार बंद. कॅमेरा चालू. बोलायचं नाही, उठायचं नाही, कुणी मागून दिसायचं नाही. नेट तुटलं आणि पाच मिनिटांत परत जोडलं नाही तर पेपर बंद, आणि दुसरी संधी नाही. वेळ निवडायला मिळत होती. तिनं निवडली सकाळी अकरा ते बारा. आपल्याच पाळीची.

मी म्हटलं, "अगं बया, माझ्या खोलीत बस. डबा माझ्या भिंतीपलीकडंच हाय. मी बसते की बाहेर."

पोर हो म्हणाली असती. पण चाचा तिथंच उभे. त्यांचा चेहरा असा झाला जसा काही मी त्यांच्याकडं बोट दाखवून खोटारडा म्हटलं. "कशाला?" म्हणाले. "पाळी तिची आहे. हक्क तिचा. ती का तुझ्या दारात येईल? इतकी वर्षं तिचं पाणी तिच्या दारात पोचवलं, हे पण पोचवीन."

"चाचा, हे पाणी न्हाय."

"सब एकच आहे तानाबाई."

सोमवारी तालीम घेतली. अकरा घरं बंद, वैजयंती खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसली. अकराच्या अकरा भिंतींतून येण्याऐवजी ती रेंज पडवीतून सरळ जाते आणि बारा नंबरच्या खिडकीतून आत शिरते, असं सोमेशनं सांगितलं. आणि खरंच, तासभर सलग चाललं. एकदाही तुटलं नाही. चाचांनी पाना असा खांद्यावर टाकला की जणू लढाई जिंकून आलेत. मलाही बरं वाटलं. म्हटलं, आपलंच तोंड वाईट, उगीच बोललो.

गुरुवार उजाडला. साडेदहाला पोरीनं देवाला, आईला, चाचांना नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. कमलम्मा अकरा नंबरच्या उंबऱ्यावर बसली. सगळ्यांनी फोन बंद केले. सोमेशनं तर स्वतःचा आणि बायकोचा असे दोन्ही फोन आणून चाचांच्या हातात दिले. अकराला दहा कमी असताना नळ खरखरला.

पाणी आलं.

आता काय करता? सोडून द्यावं तर पाच दिवस बारा घरं कोरडी. भरावं तर भांड्यांचा, बायकांचा, चाचांचा कल्ला. बोलणं आत ऐकू गेलं तर पोर बाद. चाचांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडाला करकचून बांधला, आणि आम्हा सगळ्यांकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. मग पाइप उचलून तडक बारा नंबरला गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाळी मोडली. वरचं आधी भरून मोकळं करायचं, म्हणजे पाण्याला सुरुवातीला जोर असतो तोही तिला मिळेल आणि मग तिच्या दाराशी चिटपाखरू फिरकणार नाही, असा त्यांचा हिशेब. मनात वाईट काही नव्हतं, उलट माया होती सगळी.

कमलम्माची दोन निळी पिंपं एरवी आत दारामागं असतात. आज दार बंद. ती धुऊन बाहेर पालथी घातलेली होती. पडवीत ठेवली तर वाट अडते, म्हणून चाचांनी आणि सोमेशनं ती उचलून खिडकीसमोरच्या कट्ट्यावर ठेवली, इतकी अलगद की आवाज नाही. आणि भरायला लागले. आम्ही सगळ्या लांबून बघत होतो. हसू पण येत होतं, तोंडाला टॉवेल बांधलेला तो म्हातारा, पाइपाचं तोंड पिंपाच्या आतल्या अंगाला टेकवून धरलेलं, म्हणजे पडणारं पाणी वाजू नये. एवढ्या मायेनं मी माझ्या पोरींचं केलं नाही.

आता माझं सांगते. त्या दिवशी माझी दोनशे कडक भाकरीची ऑर्डर होती आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. पाळी उलटी फिरली म्हणजे दोन नंबर शेवटून दुसरा. तोवर पाणी गेलं तर? माझं डोकं फिरलं. बाकीच्या आपापली भांडी काढायला घरात गेल्या, सोमेश खाली नळाशी गेला, कमलम्मा डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, तेवढ्यात मी माझं एक पिंप उचलून वर नेलं. दोन्ही पिंपं भरत आली होती. मी खुणेनं म्हटलं, माझं पण भरा. चाचांनी मान हलवली, नाही. मी त्यांच्या कानाला तोंड लावून फुसफुसले, "तुमी पाळी मोडली ना? मग माझं बी एक भरा की! न्हायतर मी ओरडीन." त्यांनी घाबरून बंद दाराकडे बघितलं. कट्ट्यावर दोन पिंपांच्या शेजारी एकाची जागा होती. माझं पिंप त्यांनी तिथं ठेवलं आणि भरलं. मी गप्प बसावं म्हणून.

पावणेबाराला दार उघडलं. एवढ्या लवकर कसं, म्हणून कमलम्मा उठून उभी राहिली. वैजयंती चौकटीत आली. तोंड पांढरं फटक. "तुटलं, चाचा," म्हणाली. "जोडलंच नाही परत. बंद झाला पेपर."

चाचांनी टॉवेल सोडला. पहिल्यांदा त्यांना ऐकूच आलं नाही. तिनं परत सांगितलं. कमलम्मा "अय्यो" म्हणून खाली बसली ती बसलीच. आणि चाचांचा आवाज फुटला, "कुणाचा चालू होता? कुणाचा फोन चालू होता?" घराघरांत शिरले. फोन उलटेपालटे करून बघितले. सोमेशची गचांडी धरली. त्याचे दोन्ही फोन चाचांच्याच खिशात होते तरी म्हणाले, "तिसरा असंल तुझ्याकडं! दुकानातला!" सोमेशनं लेकरावर हात ठेवून शपथ घेतली, डोळ्यांत पाणी त्याच्या. चाचा ऐकायला तयार नाहीत. तीन दिवस त्यांनी चाळीत कुणाचं तोंड बघितलं नाही. नऊ नंबरच्या म्हाताऱ्याकडं तर साधा फोनसुद्धा नाही, त्याच्यावर पण संशय.

वैजयंतीनं कंपनीला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, अक्षर न् अक्षर तेच, मशीननं पाठवलेलं. त्यात धन्यवाद म्हटलं होतं.

रविवारी तक्रारीवर डबा तपासायला माणूस आला. डबा ठीक. वायर ठीक. मग तो पडवीतून फोन बघत बघत चढावर गेला आणि बारा नंबरच्या कट्ट्यापाशी थांबला. कमलम्माची दोन पिंपं तिथंच होती, अजून निम्मी भरलेली; माझं मी त्याच दिवशी खाली नेलं होतं. आत न्यायला कुणाला सुचलंच नव्हतं. त्यानं त्यावर टिचकी मारली.

"पेपरच्या वेळी ही हितंच होती का? भरलेली?"

"हो," चाचा म्हणाले.

"काका, पाण्यातनं रेंज जात नाही. पाणी पिऊन टाकतंय तिला. भरलेलं पिंप खिडकीसमोर म्हणजे भिंतीपेक्षा वाईट."

चाचांनी कान पुढं केला. त्या माणसानं मोठ्यानं परत सांगितलं. या वेळी सगळ्या चाळीनं ऐकलं. चाचा कट्ट्यावर टेकले. आणि मी, माझ्या जिभेला काय म्हणावं, मी पुढं झाले. "मी म्हटलं हुतं का न्हाय? माझ्या खोलीत बसवा म्हटलं हुतं! तिचं तिच्या दारात, तिचं तिच्या दारात! घ्या, पोचवलं तिच्या दारात! तुमच्या अभिमानापायी पोरीचं वाटोळं झालं!" बरंच बोलले. कुणी मला अडवलं नाही. चाचांनी फक्त वर बघितलं माझ्याकडं, ओठ हलले, आणि परत खाली बघायला लागले. मला वाटलं, बहिऱ्याला धड ऐकू तरी आलं का?

संध्याकाळी ते सोमेशच्या दारात जाऊन उभे राहिले, माफी मागायला. सोमेशनं त्यांना आत नेऊन चहा दिला.

त्याच संध्याकाळी वैजयंती माझ्याकडं दळून आणलेलं भाकरीचं पीठ द्यायला आली. मी विचारलं, "तुला कळलं न्हवतं का गं आतून?"

"कळलं की मावशी. खिडकीतला उजेड कमी व्हायला लागला आणि रेंजच्या काड्या पण. समोर पिंपं दिसत होती, पलीकडचं काही नाही."

"मग ओरडायचंस!"

"बोललं की बाद. उठलं की बाद. आणि दोन पिंपांपर्यंत चालत होतं हो, रखडत का होईना. एकदा तुटलं आणि लगेच जोडलं. माझे पंधराच प्रश्न राहिले होते. मग तिसरं ठेवलं त्यांनी. त्यानंतर नाहीच आलं. ते चाक फिरतंय आणि मी बघतीय, पाच मिनिटं." मग उठता उठता म्हणाली, "आमची तर दोनच पिंपं आहेत. तिसरं कुणाचं होतं?"

माझे हात पिठातच राहिले. मी म्हटलं, "कुणास ठाऊक. चाचांनीच ठेवलं असंल कुणाचं तरी."

"त्यांना नका काही बोलू मावशी," ती म्हणाली. "सगळ्यात आधी आमचं पाणी भरलं त्यांनी."

ती गेल्यावर मी रडले. रडून काय होतंय?

आता ती एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, नऊ ते सहा. कमलम्माकडं बटणांचा फोन आहे, त्याला वायफाय कळत नाही. तरी रोज अकराला चाचा नळाच्या पाइपावर टण टण वाजवतात आणि गळा काढून ओरडतात, "बारा नंबर!" आम्ही अकरा घरं आपापलं बंद करतो. तासभर चाळीत कुणाचंच काही चालू नसतं. वैजयंतीनं सांगून बघितलं, "चाचा, माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्या." ते म्हणाले, "पाळी तुझी आहे बेटा. तू घे नाहीतर नको घेऊ." सोमेशही आता कुरकुरत नाही. त्या तासात माझ्या ऑर्डरी येऊन पडतात, पडू देत.

पण मला जे आतून खातंय ते वेगळंच. पाइप त्यांच्या हातात होता. तिसरं पिंप कुणाचं, हे चाचांना माहीत आहे. ते भरायला नाही म्हणत होते आणि मी ओरडायची धमकी दिली, हे पण माहीत आहे. अख्ख्या चाळीसमोर मी त्यांना वाटेल ते बोलत होते तेव्हाही माहीत होतं. ज्या माणसाला कानात बोललेलं पचत नाही, त्यानं हे एवढं कुणालाच सांगितलेलं नाही. भाभीलाही नाही. सांगितलं असतं तर चाळीला ऐकू आलं असतं.

परवा पाणी आलं. मी एकच पिंप दारात ठेवलं. चाचांनी ते भरलं आणि विचारलं, "दुसरं कुठं आहे तुझं?"

"फुटलं चाचा," मी म्हटलं.

ते माझ्या खोलीत दारामागं पालथं पडलेलं त्यांना तिथून दिसत होतं. त्यांनी तिकडं एकदा बघितलं, पाइप काढून घेतला, पान्यानं टण टण वाजवलं आणि ओरडले, "तीन नंबर!"